गंजलेली ओम्नी, सव्वा लाख रुपये आणि आधी बघायचं ते पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरला मामांची २००८ सालची मारुती ओम्नी व्हॅन चार वर्षं आंब्याखाली उभी आहे आणि मामा ती २५ हजारांना द्यायला तयार आहेत. गाडीची किंमत धरून तुमच्याकडे सव्वा लाख आहेत. दोघांना झोपता येईल, चहा आणि खिचडी होईल, एवढी सोय करून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचंय. 'खाली थोडा गंज आहे' असं मामा म्हणतात, तर गावातला एकजण '४० हजारांत नवी करून देतो' म्हणतोय. घ्यावी का, आणि घेतली तर सुरुवात कुठून करावी?

मी चिपळूणला २६ वर्षं पत्र्याचं काम करतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्रही फार लांब नाही, त्यामुळे माझं पोट गंजावरच चालतं म्हणायला हरकत नाही. माझं उत्तर: घ्या, पण मामांच्या शब्दावर नको आणि त्या ४० हजारवाल्याकडे तर मुळीच देऊ नका. ४० हजारांत नवी होते ती फक्त वरून. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पत्रा बघण्याआधी मामांकडून आरसी मागून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २००८ च्या गाडीची २०२३ मध्ये संपली. गाडी तेव्हाही आंब्याखालीच असणार, त्यामुळे नूतनीकरण झालं नसण्याचीच शक्यता जास्त. १५ वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार झालंय आणि गाडीने विशी ओलांडली की ते आणखी वाढतं. उशिराचा आकार वेगळा, पर्यावरण कर वेगळा, शिवाय गाडी प्रत्यक्ष दाखवून पास करून घ्यायची. नूतनीकरण मिळतं ते पाच वर्षांचं. हा आकडा आधी आरटीओत विचारून कागदावर लिहा आणि मगच मामांशी भाव करा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, टेम्पोवर घालून आणायची. तोही खर्च धरा.

आता गाडी बघायला जाल तेव्हा जुना स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, स्पीकरमधला एखादा लोहचुंबक आणि लहान हातोडी एवढं घेऊन जा. पुढची दोन्ही मॅट उचला. ओम्नीत पाय ठेवतो त्या जागेचा पत्रा सगळ्यात आधी जातो. काचेचं रबर कडक होऊन चिरतं आणि वायपरखालच्या खळग्यात पाला साचतो. आंब्याचं पान जाड असतं, लवकर कुजत नाही. चार पानं एकावर एक चिकटली की पाणी निघायचं भोक बंद. मग ते पाणी आत उतरतं आणि मॅटखालच्या जुटाच्या थरात जाऊन बसतं. तो थर दिवाळीपर्यंत वाळत नाही. तुमच्या गाडीत हे झालेलं असणार, पैज लावतो.

नंतर गाडीखाली शिरा. दाराखालची लांब पेटी, जिला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, तिच्यावर हातोडी हलके वाजवत जा. चांगला पत्रा टण् वाजतो. आतून खाल्लेला थप् करतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबा. आत गेला तर जाऊ द्या, लाजू नका, मामांनाही दाखवा. चुंबक न चिकटणारी जागा म्हणजे कुणीतरी आधी पुट्टी भरून ठेवलेली आहे. सरकत्या दाराची खालची रूळपट्टी बघा, तिच्यात वाळू आणि पाणी एकत्र नांदतात. छताच्या कडेची पन्हळ, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, बॅटरीचा ट्रे हेही बघून घ्या.

यातलं बरंचसं गेलेलं असलं तरी मी नको म्हणणार नाही. माझं नको दोन ठिकाणी येतं. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बॉडीला जिथे लटकतात ते हँगर आणि पुढे स्टिअरिंग व सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हीच तिची चॅसी. पाट्याचा हँगर बसतो तो पत्रा बिस्किटासारखा चुरला तर पाटा एक दिवस वर येऊन फरशीला भिडतो, आणि तो दिवस आंबा घाटात आला तर मग बोलायलाच नको. एका बाजूचा हँगर अर्धा खाल्लेला असेल तर चांगला कारागीर तो करून देतो. दोन्ही बाजू आणि दोन्ही रनिंग बोर्ड गेले असतील तर गाडी भंगारात द्या आणि दुसरी शोधा. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती आणि घाटावर, सांगली-मिरजेकडे, कोरड्या हवेतल्या गाड्या अजून मिळतात. तिकडची गाडी दहा हजार महाग पडली तरी स्वस्त. इकडची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

या तपासणीत गाडी पास झाली असं धरून पुढे लिहितो.

पहिलं काम गंज काढायचं नाही. पहिलं काम पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं. आम्हा पत्रेवाल्यांची मुख्य चूक हीच असते आणि मी स्वतः ती केलेली आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी दापोलीच्या एका गिऱ्हाइकाची व्हॅन माझ्याकडे आली. खालून लाल झाली होती. मी वायरब्रश मारला, काळं रबरी अंडरकोटिंग जाडजूड थापलं, गाडी खालून नव्यासारखी दिसायला लागली. दोन पावसाळ्यांनी ती परत आली तेव्हा कोटिंग अख्खंच्या अख्खं होतं. मी बोटाने दाबलं तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सुटलं, आणि त्याच्या पाठीला चिकटून सगळी फरशीच निघून आली. पाणी वरून, काचेच्या रबरातून येत होतं. मी खालून त्याला झाकण लावून दिलं होतं. ते काम मी फुकट परत केलं, अजूनही तो माणूस भेटला की हसतो.

दुसरा धडा पुराने दिला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. लोकांनी सीट काढून धुतल्या, कार्पेट वाळवलं, इंजिन ऑईल बदललं आणि गाडी सुरू झाली म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला. वर्षा-दीड वर्षाने त्याच गाड्या माझ्याकडे पत्र्याला यायला लागल्या. एकीचा रनिंग बोर्ड कापला तर आत चार बोटं गाळ, वरून वाळलेला, हात घातला तर तळाला अजून गार आणि ओलसर. ओला गाळ पत्र्याला चिकटून बसला की पाणी आणि हवा दोन्ही त्याला सतत मिळत राहतात. त्यात मीठ असेल तर गंजाचा वेग आणखी वाढतो. तुमच्या गाडीत गाळाऐवजी पाला आणि वाळू असेल, एवढाच फरक.

म्हणून सगळं आतलं काढा. सीट, मॅट, जूट, दारांचे पुठ्ठे, प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळं. हे काम तुम्ही स्वतः दोन रविवारांत करू शकता आणि यातच तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचतात, कारण खोलाखोलीची मजुरी कुणी देऊ नये. प्रत्येक बोल्ट डबीत, डबीवर चिठ्ठी. मग एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, आधी खालच्या भागावर, मग काचेवर, शेवटी छतावर. एकदम सगळीकडे सोडलंत तर पाणी कुठून आलं ते कळणार नाही. थेंब दिसला की तिथे मार्करने खूण. पाणी बाहेर काढणारी भोकंही तपासा. दारांच्या तळाला आणि रनिंग बोर्डच्या खालच्या कडेला ती असतात. सायकलच्या चाकाची तार घालून मोकळी करा. एकेका दारातून पेलाभर चॉकलेटी पाणी येईल.

आता गंज. तो तीन प्रकारचा समजा. नुसता वर लाली आलेला, खवले धरलेला आणि आरपार गेलेला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि फुगे येतात. रंगावर हरभऱ्याएवढा फुगा दिसला तर खाली तो रुपयाएवढा असतो. खरवडल्याशिवाय कुठला प्रकार ते कळत नाही.

लालीला वायरब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. खवल्याला ग्राइंडरवर वायर-कप लावून चकाकी येईपर्यंत घासा. चष्मा आणि मास्क घालूनच. वायर-कपच्या तारा सुटतात, माझ्या एका पोऱ्याच्या गालात घुसली होती. खड्ड्यांत जी काळी ठिपकी उरतात त्यांना फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा. ते त्या ठिपक्यांसाठी आहे. खवल्यावर ओतून 'केमिकल मारलं' म्हणणारे पुष्कळ भेटतील. खवल्याखाली ते पोचतच नाही.

आरपार गेलेल्या जागी पत्रा बदलणं याला पर्याय नाही. फायबर-मॅट, पुट्टी, एम-सील यांची भोकावरची ठिगळं म्हणजे आतल्या ओलीला घर बांधून देणं. कारागीर बघताना एकच विचारा: सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तारेने करतात ते) वेल्डिंग आहे का? गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा धरतो, मग तो सपाट दाखवायला पुट्टी थापावी लागते. फरशीला २० गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. हँगरसारख्या जागी मूळ पत्रा जेवढा जाड तेवढाच, बहुतेक १६ गेज. भोकाच्या कडेने चांगला चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचं. भोक बोटाएवढं असतं आणि कापून झाल्यावर ताटाएवढं होतं, त्याने घाबरू नका. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन ठिगळाचा आकार काढा, कोपरे गोल ठेवा. टाके अंतरावर टाकायचे, एक इकडे, एक समोर, हात लावता येईल इतकं निवलं की मधला. सलग शिवण ओढणारा कारागीर घाईत आहे असं समजा. जीआय पत्रा वापरणार असेल तर वेल्डच्या कडेचा जस्ताचा थर आधी घासून काढायला लावा, तो धूर अंगात गेला की रात्री हुडहुडी भरते.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. नुसती रिकामी करून भागत नाही. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. गाडीला गॅसकिट असेल तर तेही उतरवा. टाकी उतरली की आत टॉर्च मारून बघा. चार वर्षांचं पेट्रोल, त्यात इथेनॉल, इथेनॉल पाणी ओढतं, म्हणजे आत गंजाचा साका असणारच. गंज जास्त असेल तर भंगारातली चांगली टाकी घ्या. टाकीला वेल्ड मारून देणारे आहेत, त्यांच्याकडे उभंसुद्धा राहू नका.

वेल्ड झालं की त्याच दिवशी प्रायमर. आपल्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून हे काम दसरा ते शिमगा या दिवसांत काढा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, खिडकीच्या गजाला ठीक, गाडीच्या पोटाला नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. लिटरमागे महाग वाटेल, पण या सगळ्या खटाटोपात पैसे वाचवायचेच असतील तर इथे वाचवू नका. मग सांध्यांना दोन्ही बाजूंनी सीम सीलर, मग खालून अंडरकोटिंग. ज्या कोटिंगला मी वर शिव्या घातल्या तेच, पण आता स्वच्छ पत्र्यावर आणि पातळ. रनिंग बोर्डच्या पेटीच्या आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्सचे लांब नळीवाले दोन-तीन कॅन मारा आणि तार घालून पाणी निघायची भोकं पुन्हा मोकळी करा. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर गाडीखाली जळकं ऑईल मारतात. चार महिने काम करतं हे खरं. पण रबरी बुश फुगतात आणि अंगणात थेंब थेंब पडून ते विहिरीकडे जातं. मी मारून देत नाही.

वरच्या रंगाचं मात्र फार मनावर घेऊ नका. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, तीही प्रायमरवर. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, रंगाचा फवारा फुप्फुसाला वाईट, तो पडवीत साध्या कापडी मास्कवर मारायचा नसतो. सिंथेटिक इनॅमल चांगल्या फोमच्या रोलरने तीन पातळ हात दिलात, मध्ये घासलंत, तर पाच फुटांवरून छान दिसतो. रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओ, कारण आरसीवर रंग लिहिलेला असतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ७९६ सीसीचं ते इंजिन चिवट आहे. ऑईल, फिल्टर, कूलंट, पट्टा, प्लग बदला, रबरी पाइप सगळे नवे घाला. ब्रेकची सिलिंडरं आणि तेल बदलायचंच, चार वर्षं उभी गाडी म्हणजे ती चिकटलेली. टायरला नक्षी असली तरी त्यावरचा तारखेचा आकडा वाचा.

आता झोपायची सोय, जिच्यासाठी तुम्ही हे सगळं करताय. ओम्नी रुंदीला बाहेरूनच १.४१ मीटर आहे, रुंदीत झोपणं नाहीच. पुठ्ठा अंथरून दोघांनी लांबीत प्रत्यक्ष आडवे व्हा, पाय कुठे येतात ते बघा आणि मगच माप घ्या. १२ मिलिमीटरचा आयएस ७१० मरीन प्लाय घ्या, पण बेताने. आठ बाय चारचा एक ताव २४-२५ किलो भरतो. अख्खी गाडीच आठशे किलोच्या आत आहे, तिच्यात सुताराने फर्निचर घातलं तर पाटे बसतील. दोन खोकी आणि त्यांवर घडी होणाऱ्या तीन फळ्या, एवढंच. सगळं सीटच्या मूळ बोल्टच्या भोकांना धरून, काढता-घालता येईल असं. यात कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही, आणि सीट कायमच्या काढणं त्यात येऊ शकतं. 'कॅराव्हॅन' म्हणून रीतसर नोंदणीचं प्रकरण वेगळं आहे, एआयएस-१२४ हे त्याचं मानक. तुमच्या पैशांत ते बसणार नाही, त्या वाटेला जाऊ नका. आरटीओत तोंडी तरी विचारून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा.

भिंतींत काचलोकर किंवा थर्माकोल कोंबू नका. आपल्या दमट हवेत त्याच्यामागे पाणी धरतं, म्हणजे पुन्हा मॅटखालचा जूट. छताला ॲल्युमिनियमचा थर असलेला चिकटणारा फोम पुरे, भिंतींचा खालचा भाग उघडाच ठेवा. विजेचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्टचा २० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १६० वॅट-अवर, दिवा आणि दोन मोबाइल धरून २१० च्या आसपास. वेगळी ४० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी अर्धीच वापरायची असं धरलं तर २४० देते. भागलं. फ्यूज बॅटरीला लागूनच, वीतभर अंतराच्या आत.

एक गोष्ट गंभीरपणे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्या झाकणाचं रबर सडलेलं असेल आणि सायलेन्सरला भोक असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट झोपायच्या जागेत येतो. त्याला वास नसतो. झाकणाचं रबर नवं घाला, सायलेन्सर बदला, आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपण्याचा विचारही नको. स्वयंपाक दार उघडून, शक्यतो बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो आणि तुम्ही फरशीवरच झोपणार आहात.

पैशांचं म्हणाल तर असं बसवा: गाडी २५, कागद आणि कर १२, पत्रा आणि प्रायमर २८, टायर-ब्रेक-टाकी-बॅटरी २५, रंग १०, आतलं काम १५. दहा हजार बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. पत्रा कापल्यावर ते कुठे जाणार आहेत ते तुम्हाला दिसेलच.

आणि प्लाय बसवायच्या आधी मृगाचा पाऊस येऊ द्या. गाडी उताराला तोंड करून अंगणात लावा, नुसत्या चटईवर आत एक रात्र झोपा. सकाळी उठल्यावर चटई गुंडाळा आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, काचेच्या खाली, तळहात फिरवा. ओला लागला तर सुताराला अजून बोलावू नका, मला फोटो पाठवा.